ड्रॅग रेसच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड कसा जुळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पाव मैलाच्या ट्रॅकवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी पळवणाऱ्यांना इंजिनाची खडान्‌खडा माहिती असते. कॅमची लिफ्ट, कार्ब्युरेटरचे जेट, इग्निशन टायमिंग, सगळं तोंडपाठ. टॉर्क कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाबद्दल, मात्र बहुतेकांना एकच आकडा ठाऊक असतो, स्टॉल स्पीड, आणि तोही खोक्यावर छापलेला. खालचे प्रश्न बरेचसे त्या एका आकड्यातूनच निघतात.

स्टॉल स्पीड म्हणजे नेमकं काय?

कन्व्हर्टरमध्ये तीन मुख्य भाग असतात. कव्हर फ्लेक्सप्लेटला (क्रँकशाफ्टच्या टोकावरची पातळ चकती) बोल्टने जोडलेलं असतं आणि त्याला वेल्ड केलेला पंप इंजिनाबरोबर फिरतो. पंपासमोर टर्बाइन असते, ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसते. दोघांच्या मध्ये स्टेटर. तो स्प्रॅगवर बसवलेला असतो, म्हणजे एकाच दिशेने फिरू शकतो. पंप ऑइल टर्बाइनवर फेकतो आणि तिथून परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवून स्टेटर ते पुन्हा पंपाकडे पाठवतो. लॉकअप क्लच (पंप आणि टर्बाइन थेट जखडणारा क्लच) नसेल तर इंजिनाची सगळी ताकद गिअरबॉक्सपर्यंत फक्त ऑइलमधून पोचते.

आता टर्बाइन जागच्या जागी धरून ठेवा आणि थ्रॉटल पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढत जातात आणि एका ठिकाणी अडतात. तिथे पंप फिरवायला लागणारा टॉर्क आणि इंजिन देऊ शकतं तो टॉर्क यांची बरोबरी झालेली असते. तो आरपीएम म्हणजे स्टॉल स्पीड. थोडक्यात, या आकड्यात कन्व्हर्टरइतकाच वाटा इंजिनाचाही असतो. हे एकदा लक्षात आलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात.

खोक्यावर ४००० लिहिलंय, माझ्या गाडीत ३४०० च मिळतो. कन्व्हर्टर खराब आहे का?

बहुतेक नाही. पंप फिरवायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून स्टॉल स्पीड इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. कन्व्हर्टर बांधणारे यासाठी के-फॅक्टर वापरतात: स्टॉलचा आरपीएम भागिले त्या आरपीएमला मिळणाऱ्या टॉर्कचं वर्गमूळ.

समजा कन्व्हर्टरचा के-फॅक्टर २०० आहे. इंजिन ४०० पाउंड-फूट देत असेल तर वर्गमूळ २०, म्हणून स्टॉल ४०००. तोच कन्व्हर्टर २८९ पाउंड-फूट देणाऱ्या इंजिनामागे लावला तर वर्गमूळ १७ आणि स्टॉल ३४००. इंजिन ४८४ पाउंड-फूट देणारं असेल तर ४४००. कन्व्हर्टर एकच, आकडे तीन. छापलेला आकडा म्हणजे बनवणाऱ्याने धरलेल्या एखाद्या इंजिनामागचा अंदाज असतो.

मात्र टॉर्क स्टॉलच्या आरपीएमला किती आहे ते बघायचं. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा सर्वोच्च टॉर्क ५२०० ला असेल आणि तुमचा स्टॉल ३४०० असेल, तर ३४०० पाशी वक्र किती उंच आहे ते पाहा. मोठ्या कॅमची इंजिनं खालच्या आरपीएमला फारच कमी टॉर्क देतात, त्यामुळे त्यांच्यामागे कन्व्हर्टर अपेक्षेपेक्षा टाइट वागतो, म्हणजे स्टॉल खाली येतो; स्टॉल वर गेला की कन्व्हर्टर लूज म्हणतात.

एकाच गाडीचे फूटब्रेक, ट्रान्सब्रेक आणि फ्लॅश असे तीन स्टॉल का सांगतात?

कारण मोजण्याच्या पद्धती तीन आहेत.

फूटब्रेक म्हणजे ब्रेक दाबून थ्रॉटल देणं. ताकदवान गाडीत कन्व्हर्टर खऱ्या स्टॉलपर्यंत पोचायच्या आधीच मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरायला लागतात किंवा गाडी पुढे सरकते. तेव्हा मिळालेला आकडा ब्रेकच्या ताकदीचा असतो, कन्व्हर्टरचा नव्हे.

ट्रान्सब्रेक म्हणजे व्हॉल्व्हबॉडीतला सोलेनॉइड, जो पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावतो. गिअरबॉक्स आतून जखडतो आणि टर्बाइन हलूच शकत नाही. खरा स्टॉल इथे दिसतो. मात्र टू-स्टेपने (लॉन्चच्या आधी इंजिनाचा आरपीएम ठरावीक आकड्यावर अडवणारी यंत्रणा) इंजिन आधीच अडवलेलं असेल तर दिसतो तो टू-स्टेपचा आकडा. हा घोळ फार जणांचा होतो.

फ्लॅश स्टॉल म्हणजे आयडलवरून किंवा कमी आरपीएमवरून एकदम थ्रॉटल उघडल्यावर, गाडी निघता निघता इंजिन जिथपर्यंत उसळी घेतं तो आरपीएम. यात गाडीचं वजन, डिफरन्शियलचा रेशो आणि टायरची पकड हे सगळं येतं. जड गाडी टर्बाइनला जास्त वेळ रोखते, म्हणून फ्लॅश वर जातो. डिफरन्शियल ३.५० वरून ४.५६ केला तर टर्बाइन लवकर सुटते आणि फ्लॅश खाली येतो. शर्यतीच्या दृष्टीने माझ्या मते हाच आकडा सगळ्यात कामाचा, कारण गाडी लॉन्च होते ती याच स्थितीतून.

मग मला किती स्टॉल हवा?

इंजिनाचा टॉर्क जिथे सर्वोच्च असतो, त्याच्या आसपास किंवा थोडा वर फ्लॅश यावा, हा सुरुवातीचा अंदाज. टॉर्क ४८०० ला सर्वोच्च असेल तर ४८०० ते ५३०० चा फ्लॅश. त्याहून खाली गेलात तर निघताना इंजिन कण्हत राहतं. पॉवरच्या शिखराजवळ नेलात तर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला चढायला जागाच उरत नाही आणि ताकद ऑइल तापवण्यात जाते.

ज्यांना नेमकं ठरवता येत नाही त्यांना माझा सल्ला असा: किंचित लूज बाजूला चुका. टाइट कन्व्हर्टरची गाडी पहिल्या ६० फुटांत जो वेळ घालवते, तो पुढे भरून निघत नाही. ६० फुटांत वाया गेलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीडपट ते दुप्पट होतो. टर्बो आणि नायट्रसच्या (इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडून ताकद वाढवणाऱ्या) गाड्यांना मात्र हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. ते पुढे येतंच.

कन्व्हर्टर मागवताना काय काय सांगायचं?

गाडीचं ड्रायव्हरसकट वजन, गिअरबॉक्स आणि त्याच्या पहिल्या गिअरचा रेशो, डिफरन्शियलचा रेशो, टायरचा व्यास आणि प्रकार, इंजिनाचा डायनोवरचा पूर्ण वक्र, गिअर बदलण्याचा आरपीएम, ट्रान्सब्रेक की फूटब्रेक, नायट्रस किंवा बूस्ट (टर्बो किंवा सुपरचार्जरने दाबून भरलेली हवा) आहे का, गाडी रस्त्यावर चालते का, आणि ट्रॅक समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे. जुन्या रनचा डेटा असेल तर तोही द्या.

डायनोचा वक्र नसेल तर जुन्या टाइम स्लिपवरचा (रननंतर ट्रॅकवर मिळणारा वेळ-वेगाचा कागद) वेग आणि गाडीचं वजन सांगा, त्यावरून अनुभवी माणूस हॉर्सपॉवर काढतो. मात्र वाढवून सांगू नका. ५५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ७०० सांगितलं की कन्व्हर्टर ७०० साठी बांधला जातो आणि तुमच्या गाडीत तो टाइट निघतो.

कन्व्हर्टरच्या आत काय बदललं की स्टॉल बदलतो?

पहिली गोष्ट व्यास. त्याच आरपीएमला कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो हे व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. आतली रचना तशीच ठेवून १० इंचावरून ९ इंचावर आलात तर क्षमता ०.९ च्या पाचव्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ५९ टक्के उरते आणि स्टॉल साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. ३००० चा ३९०० होतो. म्हणून कारखान्यातून येणारे कन्व्हर्टर ११-१२ इंचांचे आणि शर्यतीचे ८ ते १० इंचांचे असतात. लहान कन्व्हर्टरचं फिरतं वजनही कमी असतं.

दुसरी गोष्ट पंपाच्या पात्यांचा कोन. पाती फिरण्याच्या दिशेने पुढे वाकवली की स्टॉल खाली येतो, मागे वाकवली की वर जातो. तिसरी, पंप आणि टर्बाइन यांच्यातलं अंतर. ते वाढलं की कन्व्हर्टर लूज होतो.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टेटर. ऑइल किती जोरात आणि कोणत्या कोनात पंपाकडे परतणार हे स्टेटरची पाती ठरवतात, आणि त्यावरच स्टॉल व टॉर्कची वाढ दोन्ही ठरतात. टर्बाइन थांबलेली असताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क साधारण १.६ ते २.५ पट करतो. टर्बाइनचा वेग वाढत गेला की ही वाढ कमी होते, आणि टर्बाइन पंपाच्या वेगाच्या साधारण ८५-९० टक्क्यांवर पोचली की संपते. मग स्टेटर स्प्रॅगवर मोकळा फिरू लागतो. म्हणजे दोन कन्व्हर्टरचा स्टॉल तंतोतंत ५००० असला तरी एकाचा टॉर्क २.२ पट आणि दुसऱ्याचा १.७ पट असू शकतो. पहिला ६० फुटांत मारतो, पण चिकट नसलेल्या ट्रॅकवर टायरची पकड सोडतो. दुसरा शांतपणे निघतो. शिवाय शेवटच्या रेषेपाशी कोणता जास्त घसरतो हे स्टॉलच्या आकड्यावरून कळतच नाही.

बोल्टने जोडलेले कन्व्हर्टर मिळतात, ते उघडून स्टेटर बदलता येतो. वेल्ड केलेल्यापेक्षा ते महाग, पण ज्याच्या इंजिनाची ताकद दर मोसमात वाढते त्याचे पैसे वसूल होतात.

डेटा लॉगमध्ये काय बघायचं?

इथे घाई करू नका. इंजिनाचा आरपीएम आणि ड्राइव्हशाफ्टचा आरपीएम या दोन रेषा एकमेकींवर ठेवून बघितल्या की कन्व्हर्टर काय करतोय ते बहुतेक सगळं कळतं.

सुरुवात लॉन्चपासून. ट्रान्सब्रेकचं बटण सोडल्यावर इंजिनाचा आरपीएम टू-स्टेपवरून वर उसळला की खाली दबला? थोडी उसळी ठीक. टॉर्कच्या शिखराच्या बराच खाली दबून हळूहळू चढत असेल तर कन्व्हर्टर टाइट आहे, किंवा टू-स्टेप इतका वर लावलाय की गाडीचा भार येताच इंजिनाला तो पेलत नाही. दोन्हींतला फरक ओळखायला टू-स्टेप ३००-४०० नी खाली घेऊन एक रन करा. त्यानंतरही इंजिन त्याच आरपीएमपर्यंत येऊन स्थिरावलं तर तो कन्व्हर्टरचा स्वभाव.

मग पहिला गिअर. इंजिन एकदम वर जाऊन सपाट झालंय आणि खाली ड्राइव्हशाफ्टची रेषा मात्र चढतेय, असं सेकंदभराहून जास्त दिसलं तर कन्व्हर्टर लूज. पण ड्राइव्हशाफ्टही एकदम उसळला असेल तर दोष कन्व्हर्टरचा नाही, टायर फिरलाय. टायर फिरला म्हणून कन्व्हर्टर परत पाठवणारे लोक दर मोसमात असतात, म्हणून हे वेगळं सांगतो. आधी टायर तपासा.

पुढे गिअर बदलण्याचा क्षण, ज्याकडे फार कमी लोक बघतात. पॉवरग्लाइड या दोन गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर १.७६ आणि दुसरा १. कन्व्हर्टर अजिबात घसरला नाही असं धरलं तर ७००० ला गिअर बदलल्यावर इंजिन सरळ ३९७७ वर पडेल. प्रत्यक्षात कन्व्हर्टर त्याला वर धरून ठेवतो. किती वर, हाच प्रश्न. टॉर्कच्या शिखराच्या खाली पडत असेल तर कन्व्हर्टर टाइट. दोन-तीनशेच पडून तिथेच रेंगाळत असेल तर लूज. टर्बो ४०० या तीन गिअरच्या बॉक्समध्ये (नावातला टर्बो म्हणजे टर्बोचार्जर नव्हे) दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना रेशो १.४८, म्हणून हिशेबाने ७००० चे ४७३० होतात आणि कन्व्हर्टरवर तेवढा भार येत नाही. म्हणूनच दोन गिअरच्या बॉक्सला कन्व्हर्टर जास्त काटेकोर लागतो.

शेवटच्या रेषेवरची घसरण कशी काढायची?

वेग मैल प्रतितास, गुणिले डिफरन्शियलचा रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. वरच्या गिअरचा रेशो १ असेल तर हा झाला कन्व्हर्टर न घसरता इंजिनाचा आरपीएम.

उदाहरण: १३० मैल, ४.१० रेशो, २८ इंचांचा टायर. उत्तर ६३९६. लॉगमध्ये इंजिन ६८०० दाखवत असेल तर फरक ४०४, म्हणजे सुमारे ६ टक्के घसरण. बूस्ट नसलेल्या इंजिनाला हे चांगलं आहे. १० च्या वर गेलं की कन्व्हर्टर वरच्या टोकाला ताकद खातोय असं समजा.

मात्र या हिशेबात एक मोठी फट आहे. स्लिक टायर (शर्यतीचा बिनखाचांचा टायर) वेगात फुगतो. तोच टायर १३० मैलांना २९ इंचांचा झाला असेल तर उत्तर ६१७५ येतं आणि घसरण ९ टक्क्यांवर जाते. एका इंचाने निष्कर्षच बदलला. शिवाय स्लिपवरचा वेग हा शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो. म्हणून ड्राइव्हशाफ्टला सेन्सर लावा. वरचा गिअर १ असला की ड्राइव्हशाफ्टचा आरपीएम हाच टर्बाइनचा आरपीएम, अंदाजाला जागाच नाही.

कन्व्हर्टर न काढता स्टॉल किंवा लॉन्च बदलता येतो का?

बराच. टू-स्टेपचा आरपीएम हा पहिला उपाय आणि फुकटचा. लॉन्चच्या क्षणी इग्निशन टायमिंग काही अंश मागे घेतलं की टॉर्क कमी होतो, त्याबरोबर स्टॉल आणि चाकांवरचा धक्काही. निसरड्या ट्रॅकवर हे फार उपयोगी. टायरचा व्यास किंवा डिफरन्शियलचा रेशो बदलला की फ्लॅश बदलतो.

बूस्टच्या मोठ्या गाड्यांमध्ये कन्व्हर्टरला डंप व्हॉल्व्ह लावतात. कन्व्हर्टरमधला ऑइलचा दाब तात्पुरता कमी केला की इंजिनावरचा भार उतरतो, फेरे वर जातात आणि टर्बो लवकर भरतो. सुटताना व्हॉल्व्ह बंद होऊन दाब परत येतो. हे काम नीट डेटा बघणाऱ्यानेच करावं, कारण दाब फार पडला तर ऑइलमध्ये हवेच्या पोकळ्या होतात आणि आतले भाग झिजतात.

टर्बो किंवा नायट्रस असेल तर?

टर्बोच्या गाडीला एकाच कन्व्हर्टरकडून दोन विरुद्ध गोष्टी हव्या असतात. बूस्ट नसताना इंजिन २२५ पाउंड-फूट देतंय असं धरा. के-फॅक्टर २०० असेल तर स्टॉल ३०००. पूर्ण बूस्टमध्ये तेच इंजिन ९०० देतं, तेव्हा तोच कन्व्हर्टर ६००० पर्यंत ताणतो. टर्बो ३००० ला भरतच नसेल तर गाडी रेषेवर अडकून राहते. लूज कन्व्हर्टर लावून हा प्रश्न सोडवला तर वरच्या टोकाला तो घसरतच राहतो. म्हणून टर्बोसाठी खालच्या टॉर्कला पुरेसा सैल, पण वर गेल्यावर घट्ट पकडणारा कन्व्हर्टर बांधावा लागतो, आणि त्यात स्टेटरची निवड निर्णायक ठरते. इथे स्वस्तात मिळणारा तयार माल घेऊ नका.

नायट्रसचं गणित सोपं आहे. ४०० पाउंड-फूटच्या इंजिनाला ४००० चा कन्व्हर्टर बसवला आणि नायट्रसने टॉर्क ५७६ वर नेला, तर स्टॉल ४८०० होतो. नायट्रस प्रत्येक रनला पहिल्या फुटापासून वापरणार असाल तर कन्व्हर्टर नायट्रससकट ताकदीसाठी मागवा. कधीमधीच वापरणार असाल तर मधला मार्ग घ्यावा लागतो आणि दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं.

ट्रान्सब्रेकवर किती वेळ थांबता येतं?

दोन-तीन सेकंद. कारण हिशेबातच दिसतं. ४०० पाउंड-फूट आणि ४००० आरपीएम म्हणजे सुमारे ३०५ हॉर्सपॉवर, २२७ किलोवॅट. टर्बाइन थांबलेली आहे, गाडी हलत नाही, म्हणजे ही सगळीच्या सगळी ताकद उष्णतेत जाते. कन्व्हर्टरमध्ये पाच लिटर ऑइल धरलं तर त्याचं तापमान दर सेकंदाला पंचवीसेक अंश सेल्सिअसने चढतं. तळाच्या पॅनमधला थर्मामीटर हे दाखवत नाही. तो सेन्सर कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर लावा.

प्रतिस्पर्धी स्टेजिंगला (सुटण्याच्या रेषेवर गाडी नेमकी उभी करायला) वेळ लावत असेल तर मोह आवरा. त्याची दुसरी स्टेज लाइट लागेपर्यंत बटण दाबून पूर्ण थ्रॉटलवर बसू नका. ऑइल जळतं, सील कडक होतात, आणि कव्हर फुगून क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाब आला तर नुकसान इंजिनापर्यंत जातं.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये एकाच दिवशी गाडी वेगवेगळी का निघते?

तापमान आणि हवा. थंड ऑइलवरचा लॉन्च आणि गरम ऑइलवरचा लॉन्च सारखे नसतात. डायल-इनच्या शर्यतीत, म्हणजे आपली वेळ आधीच जाहीर करून तिच्या जवळ पळायच्या ब्रॅकेट शर्यतीत, शंभरांश सेकंदाला किंमत असते, म्हणून प्रत्येक फेरीत स्टेजिंगच्या वेळी ऑइलचं तापमान एकसारखं ठेवा. आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं. बर्नआउट (शर्यतीआधी टायर फिरवून तापवणं) नेहमी तेवढाच करा, कारण कन्व्हर्टर त्यातही तापतो.

हवेचा परिणाम टॉर्कमार्फत येतो. डेन्व्हरजवळचा बँडिमिअर स्पीडवे समुद्रसपाटीपासून सुमारे ५८०० फुटांवर होता, २०२३ च्या मोसमानंतर तो बंद झाला. त्या उंचीवर हवेची घनता सुमारे १६ टक्क्यांनी कमी. बूस्ट नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही साधारण तेवढाच पडतो आणि समुद्रकाठी ५००० चा असलेला स्टॉल तिथे ४६०० च्या आसपास येतो. उन्हाळ्यात तर आणखी. किनाऱ्यावरून तिथे गेलेल्या गाड्या निघताना झोपल्यासारख्या वाटायच्या त्यात कन्व्हर्टरचाही हात होता.

३५०० स्टॉलचा कन्व्हर्टर लावला तर रस्त्यावर गाडी ३५०० होईपर्यंत हलणारच नाही ना?

हा गैरसमज आहे. स्टॉल पूर्ण थ्रॉटलचा असतो. रस्त्यावर हळू निघताना समजा इंजिनाकडून ५० पाउंड-फूटच मागितलेत. के-फॅक्टर २०० असला तरी वर्गमूळ सुमारे ७, म्हणजे १४०० आरपीएमला गाडी निघते. त्रास होतो तो चढावर, ओझं ओढताना आणि महामार्गावर लॉकअप नसलेल्या गिअरबॉक्समध्ये. अशा गाडीला मोठा ऑइल कूलर लावा आणि जमलं तर ४एल८०ई सारखा लॉकअप असलेला गिअरबॉक्स घ्या.

पॉवरग्लाइड की टर्बो ४००?

पॉवरग्लाइड शेव्हरोलेने १९५० साली आणला आणि १९७३ नंतर बंद केला, तरी ड्रॅगस्ट्रिपवर तो आजही आहे. हलका आहे, कमी ताकद खातो आणि एकदाच गिअर बदलतो. पुन्हा ४०० पाउंड-फूट घ्या, कन्व्हर्टर ते दुप्पट करतो आणि डिफरन्शियल ४.१० आहे. पॉवरग्लाइडच्या १.७६ ने मागच्या धुरीवर सुमारे ५७७० पाउंड-फूट पोचतात, टर्बो ४०० च्या २.४८ ने ८१३० च्या पुढे. हलक्या, ताकदवान गाडीला पहिला आकडा सोयीचा, कारण टायर धरतो. जड किंवा कमी टॉर्कच्या गाडीला दुसरा.

टॉप फ्युएलच्या गाड्यांत कोणता कन्व्हर्टर असतो?

कोणताही नाही. ड्रॅग रेसिंगमधल्या या सगळ्यात वेगवान वर्गाच्या गाड्यांत अनेक चकत्यांचा क्लच असतो. कन्व्हर्टरचं राज्य ब्रॅकेट, सुपर कॉम्प, सुपर गॅस अशा वर्गांत आणि बूस्टच्या अनेक वेगवान डोअर कार्समध्ये (दारं असलेल्या, रस्त्यावरच्या गाडीच्या घाटाच्या). कारखान्यातून ट्रान्सब्रेकसह विकली गेलेली पहिली गाडी म्हणजे २०१८ ची डॉज चॅलेंजर डेमन.

भारतात याचा उपयोग आहे का?

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. आपल्याकडे अशा स्पर्धांत मॅन्युअल आणि ड्युअल क्लचच्या गाड्या बऱ्याच असतात, त्यांना हे लागू नाही. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये मात्र टॉर्क कन्व्हर्टरच असतो आणि इंजिनाचं ट्यूनिंग वाढवलं की वर्गमुळाचा नियम त्यालाही लागतोच. ट्यूनिंगनंतर गाडी ब्रेकवर जास्त आरपीएम धरायला लागली तर घाबरू नका.

बसवताना काय सांभाळायचं?

आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओता. फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने बसतो आणि शेवटचा टप्पा गिअरबॉक्सच्या पंपात. पूर्ण न बसता बोल्ट आवळून ओढला तर पंप फुटतो. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. अजिबात नसेल तर जोडणी तिथेच थांबवा.

स्टॉल अचानक बदलला. आता?

इंजिन तेच, हवा तीच आणि स्टॉल एकदम वर गेला असेल तर बहुधा गिअरबॉक्सचे क्लच घसरतायत. कन्व्हर्टरला हात लावायच्या आधी ते बघा.

स्टॉल खाली आला असेल तर दोन शक्यता. एक, इंजिन कमी टॉर्क देतंय: प्लग, इंधनाचा दाब, कॉम्प्रेशन तपासा. दुसरी, स्टेटरचा स्प्रॅग धरत नाही. तो मागे घसरू लागला की टॉर्कची वाढ जाते, गाडी रेषेवरून मरगळल्यासारखी निघते, पण एकदा वेग घेतल्यावर ठीक पळते. उलट स्प्रॅग अडकून बसला असेल तर लॉन्च नेहमीसारखा होतो आणि शेवटच्या टप्प्यात वेग कमी पडतो, ऑइल फार तापतं. दोन्ही वेळा ऑइलचं फिल्टर कापून बघा. त्यात चमकणारे कण असतील तर कन्व्हर्टर उघडल्याशिवाय पुढचा रन करू नका. कूलर आणि त्याच्या नळ्याही धुऊन काढा, नाहीतर तेच कण नव्या कन्व्हर्टरमध्ये जातात.